जुनं कार्ड पळतं, नवं रखडतं: रबाळ्यातल्या एका ड्रॉइंग विभागाचं प्रकरण

नवी मुंबईत रबाळे एमआयडीसीत इलेक्ट्रिकल पॅनेलच्या पेट्या बनवणारा एक मध्यम कारखाना आहे. खाली लेझर कटिंग, बेंडिंग, पावडर कोटिंग. वर ड्रॉइंग विभाग आणि त्यात नऊ कॉम्प्युटर. प्रोसेसर सगळीकडे इंटेलचा सहाव्या पिढीतला आय-५. विंडोज ११ अधिकृतपणे आठव्या पिढीपासून पुढेच चालतं, आणि विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मशीन धडधाकट, ड्रॉइंग आधीपासूनच फ्रीकॅड या खुल्या थ्रीडी प्रोग्रॅममध्ये. त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत नऊही मशीन डेबियन १३ या लिनक्सवर नेण्याचं ठरलं. निर्णय योग्यच होता. अडचण निघाली ती ग्राफिक्स कार्डांमध्ये.

कार्डं वेळोवेळी जशी मिळाली तशी घेतलेली. एका मशीनमध्ये वेगळं कार्ड नव्हतंच, प्रोसेसरमधलं एचडी ५३० हेच ग्राफिक्स. दोघांत एएमडीचं आरएक्स ५५०. उरलेल्या सहांत एनव्हिडिया: दोन जीटीएक्स ७५० टीआय, तीन जीटीएक्स १०५० टीआय आणि एक जीटीएक्स १६५०.

वेळ वाचावा म्हणून वेगळं कार्ड नसलेल्या मशीनवर डेबियन बसवलं, फ्रीकॅड, प्रिंटर, सर्व्हरचं शेअर सगळं लावून घेतलं आणि त्या डिस्कची हुबेहूब प्रत क्लोनझिला या प्रोग्रॅमने बाकी आठांवर उतरवली. सुट्टीनंतर पहिल्याच दिवशी चित्र असं दिसलं: आरएक्स ५५० ची दोन्ही मशीन लॉगिनपर्यंत पोहोचेनात. १०५० टीआयची तिन्ही चालू झाली, पण दारावर लूव्हर (हवेच्या फटी) असलेली पेटी उघडून माऊसने फिरवली की आकृती हाताच्या मागून, टप्प्याटप्प्याने फिरायची. बिजागरीच्या रिव्हेट-नटवर झूम केलं की पडदा क्षणभर गोठायचा. १६५० चं मशीनही तसंच अडखळत होतं. ७५० टीआयची, म्हणजे खोलीतली सर्वांत जुनी कार्डं, त्यातल्या त्यात बरी होती. "दादा, माझं टेबल बदलू नका, मला जुनंच मशीन राहू द्या," असं एका ड्राफ्ट्समनने सांगितलं, आणि त्याचं निरीक्षण अचूक होतं.

पहिला थर: फायलीच नव्हत्या

आरएक्स ५५० च्या मशीनवर पडदा बूटच्या मध्येच थिजला होता, पण मशीन जिवंत होतं. शेजारच्या कॉम्प्युटरवरून एसएसएचने, म्हणजे नेटवर्कमार्गे, आत शिरून कर्नलचा (लिनक्सच्या गाभ्याचा) लॉग पाहिला. एएमडीजीपीयू ड्रायव्हर पोलारिस-१२ नावाने सुरू होणाऱ्या फायली मागत होता आणि प्रत्येक मागणीपुढे 'उणे दोन' हा एरर होता. लिनक्समध्ये उणे दोनचा अर्थ एकच: फाईल सापडली नाही. आरएक्स ५५० मधली चिप पोलारिस-१२. तिच्यातला कमांड वाचणारा भाग, मेमरी कंट्रोलर, डेटा हलवणारं डीएमए इंजिन, वीज आणि तापमान सांभाळणारा एसएमसी आणि व्हिडिओचे भाग, प्रत्येकाला आपापला प्रोग्रॅम लागतो. तो कार्डावर कायमचा कोरलेला नसतो. दर वेळी मशीन चालू झालं की ड्रायव्हर डिस्कवरून उचलून चिपमध्ये भरतो. यालाच फर्मवेअर म्हणायचं. ड्रायव्हरचा सगळा कोड खुला असला तरी हे तुकडे कंपनीने बायनरी स्वरूपातच दिलेले असतात.

मग ते तुकडे डिस्कवर का नव्हते? डेबियनने २०२२ मध्ये मतदान घेऊन ठरवलं की असं फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्ये असेल, आणि जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून 'नॉन-फ्री-फर्मवेअर' हा स्वतंत्र भाग तयार झाला. पण इन्स्टॉलर समोरच्या मशीनमध्ये जे हार्डवेअर दिसतं त्याचीच पॅकेजेस बसवतो. मूळ मशीनमध्ये फक्त इंटेल होतं, त्यामुळे एएमडी आणि एनव्हिडियाची पॅकेजेस प्रतीत आलीच नाहीत. एकसारख्या कार्डांच्या लॅबमध्ये क्लोनिंग निर्धोक असतं. मिश्र कार्डांच्या खोलीत नाही.

उपाय दहा मिनिटांचा. ग्रबच्या, म्हणजे बूटच्या सुरुवातीला येणाऱ्या, मेनूत 'नोमोडसेट' हा पर्याय जोडून मशीन साध्या पडद्यावर चालू केलं, पॅकेजेस कुठून घ्यायची ते सांगणाऱ्या सोर्सेसच्या फायलीत नॉन-फ्री-फर्मवेअर हा भाग आहे ना ते पाहिलं, मग फर्मवेअर-एएमडी-ग्राफिक्स हे पॅकेज बसवलं. एनव्हिडियासाठी डेबियन १३ मध्ये फर्मवेअर-एनव्हिडिया-ग्राफिक्स हे वेगळं पॅकेज आहे. डेबियन १२ मध्ये या फायली फर्मवेअर-मिस्क-नॉनफ्री या मोठ्या गाठोड्यात असायच्या, म्हणून जुन्या सूचना वाचून काम करणारे इथे हमखास चुकतात.

एनव्हिडियाच्या एका मशीनवर मात्र इनिट्रॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला लागणारे ड्रायव्हर आणि फर्मवेअर यांचं गाठोडं) नव्याने बांधताना 'जागा शिल्लक नाही' म्हणून काम अर्ध्यावर थांबलं. मूळ डिस्कवर बूटचं पार्टिशन ५१२ एमबीचं होतं. डेबियन १३ च्या रिलीज नोट्स ते किमान ७६८ एमबीचं असावं आणि त्यात साधारण ३०० एमबी मोकळे असावेत असं सांगतात, कारण कर्नल आणि फर्मवेअर दोन्ही फुगलेत. एनव्हिडियाच्या नव्या कार्डांत जीएसपी नावाचा वेगळा प्रोसेसर असतो, त्याची एकच फाईल वीस एमबीहून जास्त भरते. अर्धवट बांधलेल्या इनिट्रॅमएफएसवर मशीन रीबूट करू नये. आधी जुना कर्नल काढून जागा करावी, मग पुन्हा बांधून घ्यावं. इथे तसंच केलं.

एएमडीचा प्रश्न इथे संपला. दोन्ही आरएक्स ५५० रीबूटनंतर पूर्ण वेगाने चालू लागली आणि पुढे त्यांना हात लावावा लागला नाही.

दुसरा थर: फायली आल्या, वेग आला नाही

१०५० टीआयवर आधी काय चाललं होतं हे मेसा (लिनक्सचे खुले ग्राफिक्स ड्रायव्हर) सोबतच्या मेसा-युटिल्समधल्या जीएलएक्सइन्फो कमांडने दाखवलं: रेंडररच्या ओळीत 'एलएलव्हीएमपाइप'. म्हणजे कार्ड फक्त पडद्यावर चित्र पोहोचवत होतं, आकृती काढण्याचं काम प्रोसेसर करत होता. फर्मवेअर बसवल्यावर त्या ओळीत 'एनव्ही१३७' आलं. हे या चिपचं नूव्होमधलं नाव. नूव्हो म्हणजे एनव्हिडियाच्या कार्डांसाठी स्वयंसेवकांनी आणि काही कंपन्यांच्या लोकांनी रिव्हर्स इंजिनिअरिंग करून लिहिलेला खुला ड्रायव्हर. तो २०१० मध्ये २.६.३३ पासून मुख्य कर्नलमध्ये आहे. कार्ड आता खरोखर आकृती काढत होतं. फ्रीकॅड थोडं सुधारलं, पण मोठी असेंब्ली फिरवली की अजून ओढाताण होतीच. लॉगमध्ये एकही एरर नाही. बहुतेक लोक इथेच फसतात. फर्मवेअर आहे, ड्रायव्हर आहे, तक्रार कुठेच नाही, आणि तरी कार्ड रांगतंय.

कारण क्लॉकमध्ये आहे. कार्डाला वीज मिळते तेव्हा त्याचा व्हीबायोस, म्हणजे कार्डावर कोरलेला सुरुवातीचा प्रोग्रॅम, त्याला एका सावध, कमी वेगावर उभं करतो. पुढे काम आलं की वेग वाढवायचा ही जबाबदारी ड्रायव्हरची. त्याला रीक्लॉकिंग म्हणतात आणि ते दिसतं त्यापेक्षा फार नाजूक काम आहे. आधी व्होल्टेज वाढवायचं, मग चिपचा वेग. मेमरीचा वेग बदलताना तर क्षणभर मेमरी थांबवून, नव्या वेगावर तिचं ट्रेनिंग (सिग्नलच्या वेळेची जुळवणी) करून, पडद्याची पुढची ओळ काढायची वेळ यायच्या आत ती परत द्यायची. हे मुख्य प्रोसेसरवरून जमत नाही. कार्डातल्याच फाल्कन नावाच्या छोट्या मायक्रोकंट्रोलरवर, पीएमयूमध्ये (वीज आणि वेग सांभाळणाऱ्या भागात), ते करावं लागतं.

७५० टीआय फेब्रुवारी २०१४ चं, एनव्हिडियाच्या मॅक्सवेल पिढीतल्या पहिल्या चिपचं. तिथे पीएमयू कुणाचाही प्रोग्रॅम चालवतो. म्हणून नूव्होच्या मंडळींनी तो प्रोग्रॅम स्वतः लिहिला. ग्राफिक्स इंजिनचं फर्मवेअरही त्यांनीच लिहिलं आणि ते कर्नलच्या सोर्समध्येच आहे. त्यामुळे ही दोन मशीन कुठलंही फर्मवेअर पॅकेज नसताना पहिल्या दिवसापासून कार्डावर आकृती काढत होती. त्या ड्राफ्ट्समनला हेच जाणवलं होतं.

सप्टेंबर २०१४ मध्ये मॅक्सवेलची दुसरी पिढी आली, जीटीएक्स ९०० ची, आणि दार बंद झालं. त्या पिढीपासून फाल्कनच्या सुरक्षित मोडमध्ये एनव्हिडियाची सही असलेलाच प्रोग्रॅम चालतो, आणि व्होल्टेज, पंखा, क्लॉक यांची नाजूक रजिस्टरं त्या मोडच्या आतच उघडतात. एनव्हिडियाने सही केलेल्या काही फायली नंतर दिल्या. त्यावर विसंबून मे २०१६ च्या ४.६ कर्नलमध्ये या कार्डांवर नूव्होला आकृती काढता येऊ लागली. पण दिलं ते ग्राफिक्स इंजिन सुरू करण्यापुरतं. पीएमयूचं, म्हणजे वेग वाढवणारं फर्मवेअर डेस्कटॉप कार्डांसाठी दिलं नाही. पास्कल पिढीतल्या १०५० टीआयच्या फोल्डरमध्ये आजही एसीआर, जीआर, एनव्हीडेक आणि सेक२ हेच चार विभाग आहेत. पाचवा, पीएमयूचा, नाही. ते फोल्डर उघडून पाहणं हे या कार्डाचं पूर्ण निदान आहे, कारण जी फाईल कंपनीने दिलीच नाही तिच्यासाठी कर्नल लॉगमध्ये रडत नाही.

हे मनाला लागतं. ऑक्टोबर २०१६ मध्ये आलेलं कार्ड, बेस क्लॉक १२९० मेगाहर्ट्झ, मेमरीची क्षमता सेकंदाला ११२ जीबी. आणि खुल्या ड्रायव्हरवर ते बूटच्या वेगालाच जखडलेलं. मार्टिन पेरेस, कॅरोल हर्बस्ट अशा लोकांनी वर्षानुवर्षं खपून केप्लर (मॅक्सवेलच्या आधीची पिढी) आणि पहिल्या मॅक्सवेलवर रीक्लॉकिंग बसवलं. कौशल्य त्यांच्या हातात होतं. पुढच्या पिढीत ते वापरायला जागाच ठेवली नाही.

७५० टीआयचा वेग वाढवताना

ही दोन कार्डं बरी होती, पण तीही बूटच्याच वेगावर होती, कारण नूव्हो आपोआप वेग वाढवत नाही. रूट (प्रशासक) म्हणून डीबगएफएस या कर्नलच्या तपासणीच्या फोल्डरमध्ये डीआरआय फोल्डरखालची पीस्टेट ही फाईल वाचली. तिच्यात ०७ पासून ०एफ पर्यंत पायऱ्या आणि शेवटी सध्याचा वेग दिसतो. मेमरी ०७ ला ८१० मेगाहर्ट्झवर आणि ०एफ ला ५४०० वर. बस १२८ बिटांची, म्हणजे एका वेळी १६ बाइट. ८१० ला १६ ने गुणलं तर सेकंदाला जेमतेम १३ जीबी, ५४०० ला गुणलं तर ८६.४ जीबी. सहापटीहून जास्त फरक, एका फाईलमध्ये दोन अक्षरं लिहिण्यावर अवलंबून.

ती अक्षरं घाईने लिहू नयेत. आधी मधली पायरी लिहायची, फ्रीकॅडमध्ये मोठी असेंब्ली दहा मिनिटं फिरवायची, सेन्सर्स कमांडवर तापमान पाहायचं, मग वरची पायरी. आणि हे सगळं काम सेव्ह करून, एसएसएच उघडं ठेवून. एक कार्ड ०एफ वर निवांत चाललं. दुसऱ्याने ०एफ लिहिताच पडद्यावर आडव्या रेघा मारल्या आणि मशीन गोठलं. मेमरीचं ट्रेनिंग नव्या वेगावर फसलं की असंच होतं. एकाच नावाच्या दोन कार्डांवर मेमरी चिप वेगळ्या कंपन्यांच्या असू शकतात. ते कार्ड एक पायरी खाली ठेवलं, तिथे ते टिकलं.

बूट झालं की पायरी पुन्हा मूळ जागी येते. कायम करायची तर कर्नलच्या पर्यायांत नूव्होच्या कॉन्फिगमध्ये एनव्हीक्लॉकमोड द्यावा लागतो (खऱ्या नावात 'क्लॉक'चं संक्षिप्त रूप 'सीएलके' आहे), आणि तिथे आकडा दशमान लागतो: ०एफ म्हणजे १५. सोबत एनव्हीबूस्ट २ दिलं, कारण नाही दिलं तर नूव्हो बेस क्लॉकच्या वर जात नाही. हे पर्याय ग्रबच्या फायलीत टाकण्याआधी आठवडाभर हाताने लिहून चालवले. ज्या पायरीवर मशीन गोठतं ती बूटच्या पर्यायात गेली तर प्रत्येक बूट गोठेल आणि ग्रबच्या मेनूतून ती पुसावी लागेल.

१६५० आणि जीएसपी

१६५० हे एप्रिल २०१९ चं, ट्युरिंग पिढीचं. वरवर त्याचं दुखणं १०५० टीआयसारखंच, उपाय मात्र निराळा. ट्युरिंगपासून एनव्हिडियाने कार्डात जीएसपी नावाचा आरआयएससी-व्ही प्रोसेसर बसवला. कार्ड सुरू करणं, वीज, क्लॉक, पंखा हे पूर्वी ड्रायव्हरमध्ये असलेलं बरंचसं काम त्याच्या फर्मवेअरमध्ये ढकललं. मे २०२२ मध्ये एनव्हिडियाने आपले कर्नल मॉड्यूल खुले केले ते याच पिढीपासून पुढे, आणि जीएसपीचं फर्मवेअर वाटण्याची परवानगीही मिळाली. त्याच्या आधारे बेन स्केग्ज यांचं काम जानेवारी २०२४ च्या ६.७ कर्नलमध्ये आलं आणि नूव्होला पहिल्यांदा सही-बंद कार्डांवर पूर्ण वेग मिळाला.

डेबियन १३ चा कर्नल ६.१२. त्यात ट्युरिंगसाठी जीएसपी आपणहून लागत नाही. नूव्होच्या कॉन्फिगमध्ये एनव्हीजीएसपीआरएम १ असं द्यावं लागतं. ते दिलं, इनिट्रॅमएफएस पुन्हा बांधलं, रीबूटनंतर लॉगमध्ये जीएसपीच्या ओळी तपासल्या. अडखळणं थांबलं. इथे पीस्टेट लिहायची गरज नाही, वेग कामाप्रमाणे जीएसपीच ठरवतो. ओपनजीएल (फ्रीकॅड आकृती काढायला वापरतं ती ग्राफिक्स पद्धत) नूव्होच्या जुन्या ड्रायव्हरऐवजी, झिंक या दुभाष्यामार्फत, वल्कन या नव्या पद्धतीच्या एनव्हीके ड्रायव्हरवर नेता येतं. मेसा २५.१ पासून ट्युरिंगला तेच डीफॉल्ट आहे, डेबियन १३ मध्ये मेसा २५.०. फ्रीकॅड दोन्हींवर चाललं, म्हणून ते जसं होतं तसं ठेवलं.

एक गोष्ट इथे लक्षात ठेवायची आहे. हे फर्मवेअर ५३५.११३.०१ या नेमक्या आवृत्तीला बांधलेलं आहे. जीएसपीशी बोलण्याची भाषा एनव्हिडिया आवृत्तीगणिक बदलते, जुन्याशी जुळती ठेवण्याचं वचन देत नाही. म्हणून दुसरीकडून नवी जीएसपी फाईल आणून फोल्डरमध्ये टाकली तर ती चालणार नाही. कर्नल आणि फर्मवेअर दोन्ही डेबियनच्या एकाच भांडारातून घ्यावं.

तीन १०५० टीआयचं काय केलं

पर्याय तीन होते. पहिला, एनव्हिडियाचा स्वतःचा बंद ड्रायव्हर. डेबियन १३ मध्ये ५५० ही शाखा आहे, ती पास्कल चालवते आणि पूर्ण वेग देते. पण मॉड्यूल प्रत्येक कर्नल अपडेटनंतर डीकेएमएस या साधनाने पुन्हा बांधावा लागतो, कर्नलचे हेडर्स (बांधणीला लागणाऱ्या फायली) नसतील तर तो गुपचूप बांधायचा राहतो आणि सकाळी पडदा येत नाही. सिक्युअर बूट (सही नसलेला कोड अडवणारी सोय) चालू असेल तर मॉड्यूलवर सही करायची किल्ली नोंदवताना माणूस प्रत्यक्ष मशीनसमोर हवा. शिवाय मॅक्सवेल, पास्कल आणि व्होल्टासाठी ५८० ही शेवटची शाखा असल्याचं एनव्हिडियाने जाहीर केलं आहे. डेबियन १३ पुरतं भागेल, पुढचं सांगता येत नाही. खुला पर्याय तर पास्कलला मिळणारच नाही, कारण एनव्हिडियाच्या खुल्या मॉड्यूलला जीएसपी लागतो आणि पास्कलमध्ये तो नाही.

दुसरा पर्याय कुणाच्या मनात नव्हता: कार्ड काढून टाकायचं. सहाव्या पिढीच्या प्रोसेसरमधलं एचडी ५३० आय९१५ या खुल्या ड्रायव्हरवर पूर्ण वेगाने चालतं. त्याला डीएमसी नावाचं छोटं फर्मवेअर लागतं ते वीज वाचवण्यापुरतं. ते नसलं तरी चित्र येतं, फक्त लॉगमध्ये सूचना येते. डीडीआर४-२१३३ च्या दोन कांड्या दुहेरी चॅनेलमध्ये लावल्या की मेमरीची क्षमता सेकंदाला ३४ जीबी. बूटच्या वेगावर जखडलेल्या कार्डापेक्षा ते बरंच. एका मशीनवर करून पाहिलं: मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या पोर्टला लावली, कार्ड उपसलं. फ्रीकॅड लगेच हलकं झालं. मात्र दुसऱ्या मशीनवर तोच प्रयोग फसला, कारण त्यात ८ जीबीची एकच कांडी होती, म्हणजे क्षमता निम्मी. जोडीची कांडी लावल्यावर ते जमलं. कार्ड आत ठेवून मदरबोर्डचं पोर्ट वापरायचं असेल तर बायोसमध्ये मल्टी-मॉनिटरचा पर्याय चालू करावा लागतो. काही बोर्ड वेगळं कार्ड दिसलं की आतलं ग्राफिक्स बंद करतात.

तिसरा पर्याय म्हणजे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून वापरलेलं आरएक्स ५५० आणणं. ५० वॉटचं, स्लॉटमधूनच वीज घेणारं, जुना एसएमपीएस (पॉवर सप्लाय) बदलायची गरज नाही. एएमडीचं फर्मवेअरही बंदच असतं, त्यात काय आहे ते कुणाला वाचता येत नाही. फरक इतकाच की वीज आणि क्लॉक सांभाळणारा एसएमसीचा तुकडाही बाकीच्यांबरोबर लिनक्स-फर्मवेअरच्या भांडारात असतो. कार्ड घ्यायच्या आधी त्याचं चिप-नाव काढून हे भांडार उघडून पाहायला पाच मिनिटं लागतात. जाहिरातीतलं 'लिनक्स सपोर्ट' हे शब्द त्या पाच मिनिटांची जागा घेत नाहीत.

ठरलं ते असं. दोन मशीन एचडी ५३० वर नेली. तिसऱ्यावर संपूर्ण पॅनेलच्या मोठ्या असेंब्ली उघडतात, तिथे आतलं ग्राफिक्स पुरत नव्हतं. म्हणून १०५० टीआय ठेवून ५५० चा बंद ड्रायव्हर बसवला, हेडर्सचं पॅकेज कायम अपडेट राहील असं केलं आणि त्या मशीनचे कर्नल अपडेट आपोआप न होता शनिवारी दुपारी, देखभालीचा माणूस हजर असताना व्हावेत अशी व्यवस्था लावली. उपसलेली दोन १०५० टीआय कपाटात आहेत, त्यांच्यावर 'नूव्होवर वापरू नये' अशी चिठ्ठी चिकटवली आहे. नऊही मशीनच्या डिस्कवर आता एएमडी, एनव्हिडिया आणि इंटेल तिन्हींची फर्मवेअर पॅकेजेस आहेत आणि बूटचं पार्टिशन १ जीबीचं. पुढच्या वेळी प्रत उतरवायची ती याच डिस्कवरून.